डाळ मिल टाकू, अभ्यासिका काढू की शेतीच करू?

औसा तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरची सहा एकर जमीन, बहुतेक कोरडवाहू, एक बोअर. सोयाबीन आणि त्यात तूर. वडील म्हणतात शेतीच कर. धाकटा भाऊ चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामाला आहे. शाळेत शिकवलं ते असं, की देश पुढे जातो तशी माणसं प्राथमिक क्षेत्रातून द्वितीयक आणि तिथून तृतीयक क्षेत्रात जातात, म्हणजे शेतीतून कारखान्यात आणि कारखान्यातून सेवेत. मग दोन एकर विकून डाळ मिल टाकावी, की मधला टप्पा सोडून सरळ लातुरात मुलांसाठी अभ्यासिका आणि मेस काढावी? पुढची वीस वर्षं कोणत्या क्षेत्राची?

भाऊ, लातूर-नांदेड पट्ट्यात छोट्या उद्योगांचे प्रकल्प अहवाल करणं आणि त्यांची कर्जप्रकरणं बँकेतून मार्गी लावणं हे माझं रोजचं काम आहे. 'कोणतं क्षेत्र चांगलं' याचं उत्तर देशापुरतं देता येतं, सहा एकरांपुरतं देता येत नाही. तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे: घरात मोठा म्हणावा असा पैसा एकच, तो म्हणजे जमीन. ती कोणत्या कामात अडकवायची, आणि त्या कामात भाव पडला तर फटका कोणी सोसायचा? मी याच बाजूने उत्तर देतो.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. बोअरला मे महिन्यात पाणी असतं का? थ्री-फेज लाइट दिवसा किती तास मिळते? सातबारावर कोणाकोणाची नावं आहेत? भाऊ परत यायला तयार आहे का? यातलं एक उत्तर बदललं तरी सल्ला बदलेल, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी पुस्तकातलं. तीन क्षेत्रांची ही मांडणी ॲलन फिशर आणि कॉलिन क्लार्क या अर्थतज्ज्ञांनी १९३५ ते १९४० च्या सुमारास पुढे आणली. तिच्यामागचा तर्क आपल्याला घरबसल्या पटतो. उत्पन्न दुप्पट झालं म्हणून कोणी दुप्पट भाकरी खात नाही. वाढलेला पैसा आधी पंखा, मोटारसायकल, मोबाईल, स्लॅबचं घर यांत जातो. त्याहून वाढला की शिकवणी, दवाखाना, प्रवास यांत. दुसऱ्या बाजूने ट्रॅक्टर, मळणीयंत्र, तणनाशक आलं की तेवढंच रान कमी हातांत निघतं. खुरपणीला पूर्वी किती बाया लागायच्या आणि आता किती लागतात, हे तुमच्या आईला विचारा. म्हणजे शेतीतून माणसं मोकळी होतात आणि दुसरीकडे मागणी तयार होते. इथपर्यंत पुस्तक बरोबर आहे.

आपल्या देशात मात्र हे अर्धवट घडलं. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास होता, आता तो साधारण १८ टक्के आहे. पण सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार २०२३-२४ मध्येही काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोक शेतीतच होते. पैसा पुढे गेला, माणसं मागे राहिली. २०१८-१९ मध्ये हा आकडा ४२.५ टक्क्यांपर्यंत खाली आला होता. पुढच्या वर्षी तो ४५ च्या वर गेला, त्यात टाळेबंदीत गावी परतलेलेही होते. त्यानंतर २०२३-२४ पर्यंत तो पूर्वीइतका खाली आला नव्हता. पुस्तकातला बाण एकाच दिशेला जातो. २०२० च्या उन्हाळ्यात पुण्याहून चालत आलेली माणसं तुमच्याही गावाने पाहिली असतील.

आणि जी माणसं शेतीतून निघाली ती कुठे गेली? बरीचशी बांधकामावर. बाकीची दुकानात, रिक्षावर, सिक्युरिटीत, पार्सल पोचवण्यात. सेवा क्षेत्र देशाच्या उत्पन्नात निम्म्याहून जास्त भर घालतं हे खरं आहे, पण त्या आकड्यात बंगळुरूचा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि औशाच्या बसस्टँडवर मोबाईलचे कव्हर विकणारा पोरगाही आहे. 'तृतीयक क्षेत्रात गेलो' याने कमाई वाढली असं आपोआप होत नाही. शेतीत भागत नाही म्हणून निघणं आणि बाहेर चांगलं काम मिळालं म्हणून निघणं, यांत फार फरक आहे. तुम्ही यातले कोणते, ते आधी स्वतःशी ठरवा.

आता वर्गवारीची एक गंमत सांगतो, कारण तिच्यामुळे 'क्षेत्र बदलणं' या शब्दाचं दडपण जरा कमी होईल. कोणतं काम कुठे मोजायचं हे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण ठरवतं. २००८ च्या त्या वर्गीकरणात कापसाची जिनिंग शेतीच्या गटात येते. परभणीच्या किंवा माजलगावच्या एखाद्या जिनिंगच्या आवारात उभे राहा: मोठमोठे शेड, रात्रंदिवस चालणाऱ्या मोटारी, गाठी बांधणारी प्रेस, गेटवर ट्रकांची रांग. डोळ्यांना कारखाना, कागदावर शेती. जालन्याचा बियाणं प्रक्रियेचा धंदाही त्याच गटात. चालकासह ट्रॅक्टर भाड्याने दिला किंवा ड्रोनने फवारणी करून दिली तरी शेतीच. डाळ मिल मात्र कारखानदारीत, मग ती दुसऱ्याची तूर मजुरीवर भरडून देत असली तरी. शेड तेच, पण त्यात लोकांची पोती भाड्याने ठेवली तर ती सेवा. हळदीवरून तर असा वाद झाला, की उकडून, वाळवून, पॉलिश केलेली अख्खी हळद शेतमाल की प्रक्रिया केलेला माल हे प्रकरण जीएसटीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणापर्यंत आणि तिथून अपिलात गेलं. वसमतच्या ज्या शेतकऱ्याने जन्मभर बांधावर कढई लावून हळद शिजवली, त्याला हा वाद ऐकून हसूच येईल.

तुमच्या घराचंच बघा. वडील शेतीत, भाऊ कारखान्यात, आणि तुम्ही हंगामात कोणाची तरी रास स्वतःच्या टेम्पोत घालून मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, नेत असाल तर तुम्ही वाहतूक सेवेत. एका चुलीवर तिन्ही क्षेत्रं जेवतात. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांचं असंच आहे, आणि दुष्काळी वर्षात घर टिकतं ते याच मिश्रणावर. म्हणून 'इथून उठून तिथे जायचं' अशी घाई मला पटत नाही.

आपल्या भागात जिथे हा बदल खरोखर पचला, तिथे तो कसा झाला? जालना बघा. पूर्वापार कापूस, तेलबिया, धान्याची बाजारपेठ. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी तिथे महिको ही बियाणं कंपनी सुरू केली, आणि आसपासच्या शेतकऱ्यांना बीजोत्पादनाचे प्लॉट मिळू लागले. धान्य पिकवणारा बियाणं पिकवू लागला. रान तेच, पीक तेच, दाम वेगळा. नंतर त्याच गावात लोखंडी सळयांच्या रोलिंग मिल उभ्या राहिल्या. तिथे ना लोहखनिज ना कोळसा. भंगार आणि स्पंज आयर्न बाहेरून येतं, भट्टीत वितळतं, सळई होऊन घराघराच्या स्लॅबमध्ये जातं. मग जालन्यातच का? माझ्या मते व्यापाऱ्यांकडे साठलेलं भांडवल, उधारीवर माल फिरवायची सवय आणि चारी बाजूंना जाणारे रस्ते. कच्चा माल जवळ असलाच पाहिजे असं नाही. पैसा फिरवणारा माणूस मात्र जवळ लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा, डाळ मिलच्या हिशेबात ते पुन्हा लागेल.

संभाजीनगरजवळच्या वाळूजचं वेगळं. तिथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला, म्हणजे मोठी कंपनी बाहेरून आली. पण तिच्याभोवती प्रेस, डाय-कास्टिंग, मशिनिंगची जी छोटी वर्कशॉपं उगवली, त्यांतली बरीच आधी कोणाच्या तरी मशिनवर काम केलेल्या माणसांनी काढली. आधी हात बसला, मग शेड घेतलं.

उलट बाजूही आहे. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाणी संपलं की आपल्याकडे शेतीबरोबर कारखाना आणि शहर दोन्ही थांबतात. आणि बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार घ्या. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेऊन कोयता निघतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतो. तो जातो ते साखर कारखान्यासाठी, पण आकडेवारीत तो शेतीतच राहतो. वर्षानुवर्षं स्थलांतर करून त्याचा फक्त जिल्हा बदलतो. आता हार्वेस्टर येताहेत, म्हणजे यंत्र येऊन हात मोकळे होताहेत. पण त्या हातांसाठी पुढचं काम तयार नाही.

इथवरचं थोडक्यात: दिशा पुस्तक म्हणतं तीच आहे, पण जे टिकले ते आपल्या ओळखीच्या मालाला, ओळखीच्या गिऱ्हाइकाला किंवा शिकलेल्या हाताला धरून एक पाऊल सरकले. आता तुमची डाळ मिल.

मिलमध्ये काय चालतं ते डोळ्यांसमोर आणा. तूर आधी चाळणीवर जाते. काडीकचरा, माती, खडे निघतात. मग एमरीच्या, म्हणजे खरखरीत दगडी, रोलरवर सालीला ओरखडे पाडतात. तेल चोळून ढीग मारतात, पाणी शिंपतात आणि अंगणात पसरून काही दिवस ऊन देतात. साल आणि दाणा यांच्यामध्ये डिंकासारखा एक चिकट थर असतो. तो सुटायला हवा. सुटला नाही तर रोलरवर साल निघायच्या ऐवजी दाणाच झिजतो, डाळ कमी पडते आणि चुणी, म्हणजे दाण्याचा चुरा, वाढते. मोठ्या मिलवाल्यांनी ड्रायर बसवलेत. तुम्ही मिनी मिल टाकाल तर अंगण आणि ऊन हेच तुमचं ड्रायर, आणि ढगाळ आठवडा आला की डाळीचा उतारा घटलाच.

आता आकडे. हे हिशेबासाठी धरलेले आहेत, भाव रोज बदलतात. मिनी मिल दिवसाला १० क्विंटल तूर काढते असं धरा. तूर ७,५०० रुपये क्विंटल. म्हणजे रोज ७५,००० रुपयांची खरेदी, आणि मोंढ्यात ती बहुतेक रोखीने. माल वाळायला, भरडायला, पॅक व्हायला आठवडा. किराणा दुकानदार पैसे देणार दोन-तीन आठवड्यांनी. म्हणजे महिनाभराची, २५ दिवसांची खरेदी कायम अडकलेली: १८,७५,००० रुपये. मशिन, शेड आणि वीजजोडणी मिळून समजा ८ लाख लागले, तर त्याच्या दुपटीहून जास्त पैसा नुसत्या तुरीत बसला. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तरुणांच्या कोटेशनमध्ये मशिनच्या नटबोल्टपर्यंत सगळं असतं, खेळत्या भांडवलाचा रकाना तेवढा कोरा असतो. मिल बंद पडतात त्या याच रकान्यामुळे.

पुढे. एका क्विंटल तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ निघते. ७२ किलो धरा, घाऊक भाव १०८ रुपये, झाले ७,७७६. चुणी आणि टरफल मिळून २४ किलो, जनावरांच्या खाद्याला १६ रुपयांनी, ३८४. एकूण ८,१६०. तुरीचे ७,५०० वजा जाता ६६० उरले. त्यातून हमाली, वीज, तेल, मजुरी, बारदाना यांचे ३८० काढा: २८०. अडकलेल्या पैशावर ११ टक्क्यांनी व्याज क्विंटलमागे जवळपास ७० रुपये. राहिले २१०. महिन्याला २५० क्विंटल, म्हणजे साडेबावन्न हजार. त्यातून मशिनच्या कर्जाचा हप्ता जाईल सतरा-अठरा हजार. पस्तीस हजार हातात. वाईट नाही, असं तुम्ही म्हणाल.

आता समजा तुम्ही महिनाभराची तूर एकदम भरून ठेवली आणि त्या महिन्यात ती ३०० रुपयांनी उतरली. तुमच्याकडे २५० क्विंटलचा माल जुन्या भावाचा पडलेला आहे आणि डाळ नव्या भावाने विकायची आहे. ७५,००० रुपये गेले. दोन महिन्यांची कमाई एका उतारात साफ. आणि ३०० रुपये म्हणजे काहीच नाही. २०२४ च्या मध्याला तूर १०,००० च्या वर होती. २०२५ च्या सुरुवातीला नवा माल आला आणि भाव हमीभावाच्या, म्हणजे ७,५५० च्या आसपास घसरला. हा भाव तुमचं गाव ठरवत नाही. म्यानमार आणि आफ्रिकेतून किती तूर येते, आयातीवर शुल्क लागतं की नाही, यावर तो हलतो. मोठा मिलवाला हा धक्का पचवतो, कारण त्याच्याकडे साठवण आहे, रंगावरून दाणा निवडणारं सॉर्टेक्स यंत्र आहे, बाहेरच्या बाजाराची खबर आहे, दहा ठिकाणची गिऱ्हाइकं आहेत. दोन एकर विकून आलेल्या माणसाकडे यातलं काही नसतं.

आता तीच मिल, तेच शेड, पण तूर तुमची नाही. गावचा शेतकरी पोतं आणतो, तुम्ही डाळ करून देता, क्विंटलमागे समजा ४०० रुपये घेता. तूर पडो की चढो, तुमचे ४०० ठरलेले. १८ लाखांचं भांडवल लागत नाही, व्याज नाही, उधारी वसूल करत फिरणं नाही. कमाई कमी आहे हे मान्य, पण झोप लागते. मी नव्या माणसाला पहिली दोन वर्षं तरी हेच करायला सांगतो. दोन वर्षांत कोणत्या गावची तूर भरते, कोणत्या वाणाची डाळ कमी फुटते, कोणता दुकानदार पैसे वेळेवर देतो हे कळतं. ही माहिती कुठल्याच प्रकल्प अहवालात मिळत नाही.

अडचण एकच: नवी तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, भरडाईची गर्दी उन्हाळ्यापर्यंत, नंतर मशिन झाकून ठेवायची वेळ. म्हणून मी डाळ मिलच्या जोडीला क्लीनिंग-ग्रेडिंग आणि गोल दाणा वेगळा काढणारा स्पायरल सेपरेटर घ्यायला सांगतो. सोयाबीन स्वपरागसिंचित आहे, घरचं बियाणं चालतं, आणि पेरणीआधी मे महिन्यात कृषी खातं उगवणशक्ती तपासून घरचंच बियाणं वापरा म्हणून गावोगाव सांगत असतं. त्या वेळी शेतकऱ्याला दाणा निवडून हवा असतो. मजुरीवर निवडून द्या. स्वतः बियाणं म्हणून पिशवी भरून विकायला मात्र जाऊ नका, त्याला परवाना लागतो. उन्हाळ्यात हरभऱ्याची डाळ, पावसाळ्याच्या तोंडाला सोयाबीनचं बियाणं, ऑगस्ट-सप्टेंबरनंतर मूग-उडीद. मशिन वर्षाचे जितके दिवस फिरेल तितका धंदा खरा.

सोयाबीनचं तेल काढू का, हे कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून दोन वाक्यांत. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्के, बाकी पेंड. छोट्या घाण्यावर पेंडीतच बरंच तेल राहून जातं आणि रसायनाने ते काढणारा सॉल्व्हंट प्लांट आपल्या आवाक्यातला नाही. भावही तेलापेक्षा पेंडीवर, म्हणजे कोंबड्यांच्या खाद्यावर चालतो: ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन १०,००० च्या घरात होतं, पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी मिळाली, आणि पुढे भाव कसा कोसळला ते तुमच्या वडिलांना तोंडपाठ असेल.

आता अभ्यासिका. लातूर पॅटर्नच्या, म्हणजे इथल्या शिकवण्यांच्या, नावावर हजारो मुलं बाहेरून येतात, त्यांना राहायला, जेवायला, बसून वाचायला जागा लागते. धंदा आहे, नाही असं नाही. पण तो शिकवणीच्या गल्लीपासून किती पावलांवर आहात यावर चालतो, आणि तिथली जागा तुमची नाही. भाडं आणि डिपॉझिट घरमालक ठरवणार. चार पैसे सुटायला लागले की तोच भाडं वाढवणार. एकाच परीक्षेवर सगळं शहर उभं असलं की काय होतं ते करोनाच्या दोन वर्षांत दिसलं: रिकाम्या खोल्या, बंद मेस, आणि भाडं चालूच. उन्हाळ्यात टँकरचा खर्च वेगळा. तुमच्या घरात स्वयंपाकाचा मोठा पसारा सांभाळणारं कोणी असेल आणि ओळखीची इमारत मिळत असेल, तर मेसचा विचार करा. नुसत्या खुर्च्या-टेबलं टाकून अभ्यासिका काढणारे आता इतके झालेत, की मी तरी त्यासाठी जमीन विका असं कोणाला सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र तिथून उचलण्यासारखी आहे. त्या सगळ्या मेसना रोज वरणाला डाळ लागते. तुमची मिल जेव्हा स्वतःची तूर घेण्याइतकी तयार होईल, तेव्हा किराणा दुकानाऐवजी आठ-दहा मेसवाल्यांना दर महिन्याला ठरलेला माल द्या. पॉलिश न केलेली, गावरान चवीची डाळ ओळखणारे लोक लातुरात अजून आहेत. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगीच नाही.

आता जमीन. विकू नका. वडिलांचं एवढं ऐका. सोयाबीन २०२४ च्या हंगामात ४,८९२ च्या हमीभावाच्याही खाली विकावं लागलं, मला माहीत आहे. शेतीवर घर चालत नाही हे तुमचं म्हणणंही खरं आहे. पण धंद्याच्या पहिल्या तीन वर्षांत घरी ज्वारी, तूर आणि दूध असणं म्हणजे महिन्याचा किराणा वाचणं, आणि नव्या धंद्यात तोच पगार असतो. शिवाय एकदा विकलेलं रान परत घेता येत नाही, शेड मात्र पुढेमागे कधीही वाढवता येतं. कोणाची हलकी जमीन महावितरणच्या उपकेंद्राजवळ असेल तर सौर कृषी वाहिनी योजनेत ती भाड्याने देण्याचाही मार्ग आहे. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. सहा एकरवाल्याला ते क्वचित जमतं, तरी चौकशीला पैसे पडत नाहीत.

भांडवलासाठी योजनांकडे बघा, आणि इथे मात्र तुमचं काम कोणत्या खोक्यात बसतं याला महत्त्व येतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत मर्यादा, सेवेला २० लाख. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला २५ टक्के अनुदान, महिला आणि इतर विशेष प्रवर्गांना ३५ टक्के. स्वतःचा हिस्सा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. म्हणून अर्ज आईच्या किंवा बायकोच्या नावावर करण्यात अर्थ आहे, फक्त धंदा खरोखर त्यांनाही समजला पाहिजे. मॅनेजर मुलाखतीत त्यांनाच विचारतो. अन्नप्रक्रियेसाठी पीएमएफएमई योजना, ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. दोन्हींची मुदत आणि निधी चालू आहे का, ते जिल्हा उद्योग केंद्रात आणि कृषी कार्यालयात विचारूनच पुढे जा. आणि अनुदान म्हणजे हातात पडणारी रोकड असं समजू नका. ते तीन वर्षं बँकेत वेगळं ठेवलेलं असतं. तोवर हप्ता पूर्ण कर्जाचाच हिशेब धरून भरायची तयारी ठेवा.

आयकराचंही लक्षात असू द्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून स्वतःच्या तुरीची डाळ करून विकली तर सगळंच करमुक्त, असं नाही. तुरीच्या बाजारभावापर्यंतचं उत्पन्न शेतीचं, त्यावर डाळ केल्यामुळे सुटलेला नफा व्यवसायाचा. दोन्हींच्या वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा.

राहिला भाऊ. चाकणला तो नक्की काय करतो, याची तुम्ही चौकशीच केलेली दिसत नाही. पॅकिंगला असेल तर त्याचं काम उद्या कोणीही करेल. पण मेंटेनन्सला असेल, मोटार, बेअरिंग, पॅनेल, सेन्सर यांवर त्याचा हात बसला असेल, तर त्याला घाईने परत बोलावू नका. अजून दोन वर्षं शिकू द्या. लातूर आणि उदगीरच्या मिलांत हंगामात मशिन बंद पडलं की मेकॅनिकची वाट बघत पोती थांबतात. तुमच्या मिलला तो लागेलच, आणि आसपासच्या मिलांची वार्षिक देखभाल घेतली तर ते उत्पन्न तुरीच्या भावावर हलणार नाही. तुमच्या घरातलं सगळ्यात जवळचं 'तृतीयक क्षेत्र' अभ्यासिकेपेक्षा हेच आहे.

वीस वर्षांनी कोण पुढे असेल याचं भाकीत मी करत नाही. संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला मोठे कारखाने येताहेत, समृद्धी महामार्ग जालना-संभाजीनगरवरून गेलाय, त्याचा फायदा त्या पट्ट्याला आधी होणार. औशाला तो किती पोचेल ते रस्ता आणि हात किती शिकलेले आहेत यावर ठरेल.

मशिनचं कोटेशन घेण्याआधी एक काम करा. तुमच्या आणि शेजारच्या पाच-सहा गावांत फिरून विचारा: गेल्या वर्षी घरची तूर डाळीसाठी कोणी कोणी बाहेर नेली, कुठे नेली, क्विंटलमागे काय दिलं, आणि डाळ किती किलो परत मिळाली. घरोघरचे हे आकडे वहीत उतरवा आणि इथेच टाका. पुढचा हिशेब त्यावरून मांडू.